अकरा सालची त्रेचाळीस बाळं

गावाला मिरवायला फारसं काही नव्हतं. नदी होती, पण नदी बऱ्याच गावांना असते. पूल होता, तोही बाहेरून आलेल्या माणसांनी बांधलेला. म्हणून मग गावाने एकोणीसशे अकरा हे साल डोक्यावर घेतलं होतं. त्या एका सालात या टीचभर गावात सहा नामवंत जन्मले: एक न्यायाधीश, एक गायिका, एक ताऱ्यांचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ, एक धावपटू, एक पुतळे घडवणारा आणि सिनेमात लोकांना पोट धरून हसवणारी एक नटी. दहा सालाने गावाला एक बरा दंतवैद्य दिला होता आणि बारा सालाने तेवढंही दिलं नव्हतं.

ही सहाही बाळंतपणं एकाच सुईणीने केली होती आणि ती सुईण अजून हयात होती. तिला काही विचारावं हे गावाला सुचायला साठ वर्षं लागली, कारण ती गावाला रोजच दिसायची.

तिला लहानथोर सगळेच मावशी म्हणत. सख्खी भाची तेवढी एक. ती टपाल कचेरीत कामाला होती आणि मावशीजवळच राहायची. बेकरीच्या डोक्यावरच्या दोन खोल्या, खालच्या भट्टीमुळे फरशी बाराही महिने कोमट. मावशी चौऱ्याऐंशीची होती. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत, गुडघे तेवढे कामातून गेलेले. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "एवढी बाळंतपणं बघितल्यावर हिंमत झाली नाही." हे काही खरं नव्हतं. ज्या दोघातिघांनी मागणी घातली ते आले तेव्हा ती कुणाच्या तरी घरी कामात अडकलेली होती, आणि माणसं वाट तरी किती बघणार.

जानेवारीतल्या एका सकाळी वाचनालयाच्या ग्रंथपालबाई धापा टाकत जिना चढून आल्या. पस्तिशीतली बाई, जाड चष्मा, कोटाचं एक बटण भलत्याच काजात. खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागल्या.

"मावशी, अकरा सालच्या लोकांना यंदा साठ पूर्ण होतायत. नगरभवनात त्यांचे फोटो लावतोय, एक पुस्तिका काढतोय. पण पुरावा हवा ना हातात. नगरपालिकेची जन्माची दप्तरं पुरात गेली. आणि पलीकडच्या गावाने तर आपल्या गायिकेच्या नावाने रस्ताच करून टाकलाय. म्हणतात, ती आमच्याकडे जन्मली."

"तिकडे ती पाच वर्षांची होऊन गेली," मावशी म्हणाली. "पायाकडून आली होती. तेव्हापासूनच सरळ म्हणून काही करायचं नाही."

"तेच. तुमची वही आहे असं ऐकलंय."

वही होती. दर सालची एक, अशा एकोणचाळीस वह्या पलंगाखालच्या पेटीत होत्या. भाचीने अकरा सालची काढून दिली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे कुरतडलेली. ग्रंथपालबाईंनी ती अशी हातात घेतली की जणू बाळच दिलंय कुणी. पानं उलटत त्यांनी सहाही जणांच्या नोंदी शोधून काढल्या आणि त्यांच्या जिवात जीव आला.

"ही मी आठ दिवसांत परत देते."

"न्या की. पण माझी एक अट आहे," मावशी म्हणाली. "त्या वहीत त्रेचाळीस बाळं आहेत. पुस्तिकेत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस छापायची. आणि त्याआधी वर्तमानपत्रात. इथल्याही आणि शहरातल्याही."

"त्रेचाळीस? अहो, पण बाकीचे..." ग्रंथपालबाई अडखळल्या. "म्हणजे, बाकीच्यांनी काही केलेलं नाही ना."

"जन्माला आले की. मी होते तिथे."

"जागा नाही हो एवढी. सहा जणांचीच माहिती आठ पानांत बसत नाहीये."

मावशीने हात पुढे करून वही परत घेतली आणि मांडीवर ठेवली. "मग राहू दे. गायिका पलीकडच्या गावाची म्हणून मोजा. रस्ता तरी वाया जाणार नाही त्यांचा."

ग्रंथपालबाई हरल्या. हरल्यावर त्या एकदम बऱ्या वाटायला लागल्या, कारण पहिल्यांदाच शांत बसल्या. वही पुन्हा उघडून त्या सावकाश वाचू लागल्या. मावशीच्या वहीत बाळांची नावं नव्हती. नावं ठेवायच्या आतच तिचं काम संपलेलं असायचं. आईबापाची ओळख, घर, तारीख, मुलगा की मुलगी, वेळ, एवढंच. वेळ म्हणजे बाळ बाहेर आल्याची नव्हे, पहिल्यांदा रडल्याची. मावशीला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सुईणीचा तो नियम होता: रडल्याशिवाय ते आलंय असं धरायचं नाही.

"ही काय गंमत?" ग्रंथपालबाईंनी बोट ठेवलं. "अकरा मार्च. न्यायाधीश आठ वीसला. आणि त्याच दिवशी खाली, पुलाच्या कामावरच्या जोडाऱ्याचा मुलगा, नदीकाठच्या खोल्या. याला दोन वेळा लिहिल्यात. दहा बावीस आणि दहा एकतीस. बाकी सगळ्यांना एकच."

"घड्याळ बिघडलं होतं," मावशी म्हणाली.

भाचीने मान वर करून बघितलं. मावशीचं घड्याळ कधी बिघडल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

खरी गोष्ट मावशीने साठ वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी नव्हती म्हणून नाही, तोंडातून निघत नव्हती म्हणून.

अकरा साली ती चोवीस वर्षांची होती. धंद्यात नवखी, हाताला यश होतं, पण बंगल्यांतून अजून बोलावणी येत नव्हती. बंगल्यांना म्हातारी सुईण लागायची. त्या मार्चमध्ये म्हातारी आजारी पडली आणि वकिलांच्या बंगल्याने नाइलाजाने या पोरीला बोलावलं. बाळंतपण सुरेख झालं. सकाळी आठ वीसला बाळ रडलं, तेही असं की सगळं घर गप्प बसलं. (पुढे न्यायालयातही म्हणे त्याचा तोच दरारा होता.) घरातल्या आजीबाई प्रसन्न झाल्या. म्हणाल्या, डॉक्टर येऊन नातवाला बघून जाईपर्यंत थांब, चहा घे, माझ्या मधल्या सुनेलाही सहावा चालू आहे.

नऊ वाजता फाटकाशी कुणीतरी आलं. नदीकाठच्या खोल्यांतली शेजारीण होती. जोडाऱ्याच्या बायकोला पहाटेपासून कळा येतायत, लवकर चला, असा निरोप वर पोचला.

मावशीने मनाशी हिशेब केला. ही पुलाचं लोखंड जोडणारी माणसं दोन महिन्यांपूर्वी आलेली. पोरगी विशीतली, तिच्याजवळ मूल नाही. म्हणजे पहिलटकरीण. पहिलटकरणीला पहाटे कळा सुरू झाल्या तर संध्याकाळ ठरलेली. घाई कशाला? "येते म्हणावं तासाभरात," तिने निरोप पाठवला आणि चहा घेतला. मग आजीबाईंनी आग्रह केला म्हणून दुसरा कप घेतला. डॉक्टर आले, बाळाला बघितलं, तिची तारीफ केली. त्या तारिफेने तिला अंगभर बरं वाटलं, हे तिला पुढे कितीतरी वर्षं आठवायचं आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सव्वादहाला ती नदीकाठी पोचली. दारातूनच तिला कळलं की हिशेब चुकलाय. ती पहिलटकरीण नव्हतीच. आधीच्या मुक्कामावर एक मूल होऊन वारलेलं होतं, आणि नव्या गावात हे कोण कुणाला सांगत बसतं. बाळाचं डोकं बाहेर आलेलं, मानेभोवती नाळेचे दोन वेढे, आणि शेजारणी भिंतीला टेकून रडतायत. दहा बावीसला बाळ तिच्या हातात आलं. ते निळं होतं आणि ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. तिने तोंडाला तोंड लावून श्वास दिला, चोळलं, पालथं घातलं, पुन्हा श्वास दिला. दहा एकतीसला ते रडलं. रडलं कसलं, मांजराचं पिल्लू कण्हावं तसा आवाज केला.

त्यानंतर ती रोज तिथे जात होती. पोर दूध नीट ओढत नव्हतं. डोळे एका जागी ठरत नव्हते. डावी मूठ घट्ट मिटलेली, उघडायला गेलं तरी उघडत नव्हती. आई काही बोलायची नाही, नुसती तिच्याकडे बघायची. अठराव्या दिवशी मावशी गेली तर खोल्या रिकाम्या. पुलाचं तेवढं काम संपलं होतं आणि कंपनीने सगळ्या माणसांना नदीच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या पुलावर हलवलं होतं. कुठे, ते कुणाला धड माहीत नव्हतं.

दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर मावशीने त्याला समजावलं असतं. असं होतं, नाळ कुणाच्या हातात असते का? पण तिला माहीत होतं की ती नऊ वाजता निघाली असती तर साडेनऊला तिथे असती, आणि वेढे वेळेत सोडवता आले असते. त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला. पुढच्या सगळ्या वर्षांत बाळंतिणीच्या घरी तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. लोक तिला कडक म्हणायचे, काहीजण शिष्ट म्हणायचे. बंगल्यांतून बोलावणी येतच राहिली. आजीबाई शब्दाला पक्क्या होत्या.

आणि वरून ते साल. एकेक जण मोठा व्हायला लागला तशी माणसं तिला रस्त्यात गाठून अभिनंदन करायची. मावशी, तुमचा धावपटू पहिला आला. मावशी, तुमची नटी पडद्यावर काय घसरून पडली म्हणून सांगू. न्यायाधीशाला बढती मिळाली की हमखास कुणीतरी पेढा मिळाल्यासारखं तोंड करून यायचं, आणि दर बढतीला मावशीला त्याच दिवशीचं दुसरं बाळ आठवायचं. हा इथवर पोचला, मग तो कुठवर? चालतो तरी का? बोलतो का? की आईच्या गळ्यात एक ओझं होऊन पडलाय, की त्या वर्षीच गेला? प्रत्येक उत्तराची तिने कितीदा तरी तयारी करून ठेवली होती. फक्त कळायचं राहिलं होतं, आणि आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिला कळल्याशिवाय मरायचं नव्हतं.

यादी फेब्रुवारीत छापून आली, खाली कार्यक्रमाची तारीख. गावच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर, शहरातल्यात आतल्या पानावर बारीक टाइपात. उत्तरं वाचनालयाच्या पत्त्यावर यायला लागली. ग्रंथपालबाई रोज संध्याकाळी वाचनालय बंद करून मावशीकडे यायच्या आणि पत्रं वाचून दाखवायच्या. सुरुवातीला कपाळावर आठ्या घालून वाचायच्या, मग त्यांनाच गोडी लागली. एकजण बोटीवर स्वयंपाकी होता आणि आता त्याला मासा बघवत नव्हता. एकीला नऊ मुलं होती आणि नऊही जणांची तक्रार होती. एक शाळामास्तर तावातावाने कळवत होता की तो अकरा सालचा नाहीच, दहाचा आहे, आणि मावशीने ताबडतोब सुधारणा करावी. मावशी म्हणाली, "त्याला सांगा, तुझ्या आईला विचार. आणि आईला नसेल आठवत तर मला विचार."

मार्चच्या सुरुवातीला मोजणी झाली. सव्वीस जण जिवंत, अकराजण गेलेले, त्यांत तीन नामवंतही. सहाजणांचा पत्ता नाही. जोडाऱ्याचा मुलगा त्या सहांत होता.

"येईल अजून," भाची म्हणाली. आता तिला कळलं होतं की मावशी कुठल्या एका पत्राची वाट बघतेय. कारण विचारलं नव्हतं.

"न येऊ दे," मावशी म्हणाली. "आलं म्हणजे चांगलंच असेल असं कुठे आहे."

अकरा मार्चला दुपारी चार वाजता नगरभवनात कार्यक्रम झाला. ग्रंथपालबाईंनी मुद्दाम न्यायाधीशांचा वाढदिवस गाठला होता. भिंतीवर सहा मोठे फोटो, मंचावर तीन नामवंत, मधोमध मावशी, आणि वर एक लांबलचक कापडी फलक. भाषणं व्हायची तेवढी झाली. गायिकेने गळा बसला असल्याचं सांगून दोन गाणी म्हटली. नटी नुसती उठून उभी राहिली तरी लोक हसले. न्यायाधीशांनी आपल्या भाषणात जन्म आणि न्याय यांवर बरंच काही सांगितलं आणि खाली बसताना मावशीच्या कानाशी वाकून आणखी काहीतरी सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते. मावशीला त्यांच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचंही तिला वाईट वाटत होतं. बिचाऱ्याचा काय दोष होता?

मग ग्रंथपालबाईंनी माइक हातात घेतला. "यादीतल्या बाकीच्या मंडळींनी उभं राहावं," त्या म्हणाल्या. हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. खुर्च्या सरकल्या. चौदाजण उभे राहिले, कुणी काठीवर, कुणी मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. टाळ्या या चौदाजणांना जास्त पडल्या, कारण त्यांचे नातेवाईक जास्त आले होते. मावशीने एकेकाकडे बघत चौदा तोंडं मोजली. प्रत्येकाची आई तिला आठवली. जोडाऱ्याच्या बायकोचं तोंड त्यांत कुठेच नव्हतं.

सहा वाजता सगळं आटोपलं. लोक पांगले, नामवंतांच्या गाड्या गेल्या. भाची गाडी बघायला बाहेर गेली. शिपाई खुर्च्या एकात एक घालून रचत होता आणि मावशी पहिल्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर हार मांडीवर घेऊन बसली होती. संपलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आता कुणी येणार नव्हतं आणि अकरा सालची सत्तरी बघायला ती नसणार होती.

"कुणी रंगवलाय हो हा फलक?"

दारात एक माणूस उभा होता. पोट सुटलेला, टक्कल पडलेला, खांद्याला पिशवी. तो वर कापडाकडे बघत होता.

"का?" शिपायाने विचारलं.

"अक्षरं बघा की. अर्धी वर, अर्धी खाली, शेवटी जागा संपली म्हणून दाटीवाटीने कोंबलीत. आधी पेन्सिलीने ओळ मारायचा कंटाळा, दुसरं काही नाही." मग त्याला आठवलं. "अकरा सालच्या लोकांचा कार्यक्रम इथेच ना?"

"संपला."

"तरी निघताना म्हटलंच मी बायकोला, उशीर होणार. गाडी वाटेत बंद पडली, तासभर रस्त्यात उभे." त्याने खिशातून वर्तमानपत्राचा एक तुकडा काढला. त्यावर हिरव्या रंगाचा मोठा थेंब वाळला होता. "मी पाट्या रंगवतो दुकानांच्या. काम करताना खाली जुने पेपर अंथरतो, रंग सांडू नये म्हणून. तर औषधाच्या दुकानाची पाटी करताना खाली बघतो तर हे. अकरा मार्च, जोडाऱ्याचा मुलगा, पुलाचं काम. म्हटलं, हा तर मीच दिसतोय."

मावशीच्या मांडीवरचा हार खाली पडला. तिने उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी साथ दिली नाही.

"इकडे या," ती म्हणाली. "उजेडात या."

तो आला. एवढी म्हातारी बाई बोलावते आहे म्हटल्यावर मुकाट्याने आला.

"डावा हात दाखव."

"माझा?"

"मग काय माझा? दाखव."

त्याने हात पुढे केला. नखांत हिरवा आणि पिवळा रंग होता. मावशीने तो हात दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट वाकवून बघितलं. "मूठ मीट. उघड. पुन्हा मीट." तो करत गेला. "याच हाताने काही धरता येतं?"

"याच हाताने पाट्या रंगवतो, बाई. डावखुरा आहे मी. उजव्याने मला धड जेवताही येत नाही."

"चालून दाखव. त्या खिडकीपर्यंत."

आता शिपायानेही खुर्च्या रचणं थांबवलं होतं. तो माणूस खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. डावा पाय किंचित ओढत होता.

मावशीने त्या पायाकडे बोट केलं. "पायाला काय झालंय?"

"पंचवीस साली... नाही, म्हणजे मी पंचवीस वर्षांचा असताना शिडीवरून पडलो. सिनेमाच्या थेटराची पाटी होती. मालकाने शिडी आखूड दिली."

"म्हणजे ते माझ्यामुळे नाही."

"तुम्ही कुठे होता तिथे?" तो गोंधळून म्हणाला.

"शाळा?"

"सातवीपर्यंत."

"नापास?"

"गणितात. दोनदा." तो जरा चिडला होता. "पण आमच्या त्या मास्तरांकडे अर्धा वर्ग नापास व्हायचा. बाई, माफ करा, तुम्ही कोण?"

"मी तुझी सुईण," मावशी म्हणाली, आणि मग साठ वर्षं घशात अडकलेलं सगळं बाहेर आलं. फाटकाशी आलेली शेजारीण, चुकलेला हिशेब, चहाचे दोन कप, डॉक्टरांची तारीफ, नाळेचे वेढे, ती नऊ मिनिटं. काही लपवलं नाही, काही गोड करून सांगितलं नाही. "मी नऊला निघायला हवं होतं. नाही निघाले. तुझ्या आईने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, नुसती बघत राहायची. आणि मग तुम्ही गेलात. मला कळलंच नाही की तू राहिलास की गेलास, आणि राहिलास तर कसा राहिलास."

तो शेजारच्या खुर्चीवर बसला. टकलावरून एकदा हात फिरवला.

"आईने बोलून नाही दाखवलं?" तो म्हणाला. "अहो, ती तुम्हाला महिनाभर शिव्या घालत होती. घरी रोज व्हायच्या. वडील सांगायचे. बंगल्यात चहा पीत बसली होती मेली, असं."

"तिला माहीत होतं?"

"शेजारणीने सांगितलं असणार. त्यांच्यापासून कुठे काय लपतंय." तो हसला. "मग दुसऱ्या मुक्कामाला गेल्यावर म्हणे मी दूध प्यायला लागलो. आणि रडायला. ते असं की आजूबाजूच्या दहा खोल्यांत कुणाला झोप नाही. दिवस नाही, रात्र नाही. कामावरचा मुकादम सांगायला आला, एक तर पोराला गप्प करा, नाहीतर खोली बदला. तेव्हा आई म्हणाली, कुणीतरी त्या सुईणीला बोलावून आणा आणि म्हणावं, तूच याला रडायला शिकवलंस, आता तूच गप्प कर. त्यानंतर शिव्या बंद झाल्या. वारेपर्यंत हीच गोष्ट सांगायची ती. तुमचं नाव तिला माहीत नव्हतं. तिच्या गोष्टीत तुम्ही नुसत्या 'ती चहावाली'."

मावशीने तोंडावर हात धरला. तिला हसू येत होतं की रडू, हे तिचं तिलाच कळेना. शेवटी दोन्ही आलं. एवढ्या वर्षांचा घोर असा एका झटक्यात निघून जाईल, तोही शिव्या ऐकून, हे तिच्या कुठल्याच तयारीत नव्हतं. अंग हलकं हलकं झालं होतं. शिपायाने पाण्याचा पेला आणून दिला आणि तो तिने एका दमात संपवला.

"सांग," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"सगळं. पहिल्यापासून."

सांगण्यासारखं काही नाही, असं म्हणत त्याने सुरुवात केली आणि मग त्याला थांबवणं कठीण झालं. दात उशिरा आले. पोहता येतं. बायको तापट आहे, पण मनाने चांगली. तीन मुली, एकीचं जुळत नाही नवऱ्याशी, दोघी सुखात. रंगाच्या वासाने हल्ली खोकला येतो. तो राहतो त्या गावातल्या प्रत्येक रस्त्यावर त्याची एक तरी पाटी आहे, पण पाटीवर नाव दुकानदाराचं असतं, रंगवणाऱ्याचं कोण बघतो. मावशी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. मधेच एखादा प्रश्न विचारायची: पहिलं पाऊल कितव्या महिन्यात? गोवर आला होता का? चष्मा कधी लागला? तिला हे सगळं एकदा ऐकून पुरणार नव्हतं. भाची मघाच परत आली होती आणि दारात उभी राहून ऐकत होती. ग्रंथपालबाई फोटो उतरवायला आल्या आणि त्याही खाली बसल्या.

शेवटी शिपायाने किल्ल्या वाजवल्या. पाटीवाल्याने मावशीला दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन येतो म्हणाला. जाता जाता ग्रंथपालबाईंना सांगून गेला की पुढच्या वेळी फलक त्याच्याकडून करून घ्या, पण निदान चार दिवस आधी कळवा.

गाडी सुरू झाल्यावर भाचीने विचारलं, "मावशी, ते न्यायाधीश तुझ्या कानात एवढं काय गं सांगत होते?"

मावशीने आठवून बघितलं. काही केल्या आठवेना.

"गणितात दोनदा नापास झाला," ती म्हणाली.

"कोण, न्यायाधीश?"

पण मावशीला हसू आवरत नव्हतं, आणि बेकरीच्या दाराशी गाडी थांबली तरी ती डोळे पुसत हसतच होती.